टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला का?
वाचकांचे अर्थप्रश्न

पत्रांतले आकडे तसेच ठेवले आहेत, नावे वगळली आहेत. कराचे सगळे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आहे आणि ‘आर्थिक वर्ष’ व ‘आकलन वर्ष’ या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ एवढेच म्हणायचे आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६६. पेन्शन महिना ४५,००० रुपये. एकाच बँकेतल्या मुदत ठेवींवर वर्षाला १,३०,००० रुपये व्याज येते. बँकेने त्यातून १३,००० रुपये टीडीएस कापला. बँकेतले म्हणाले, ‘कर कापलाय, आता तुम्हाला काही करायची गरज नाही.’ हे बरोबर आहे का? (सातारा)

नाही. काही केले नाही तर तुमचे १३,००० रुपये सरकारकडेच राहतील.

टीडीएस, म्हणजे उत्पन्न देणाऱ्यानेच त्यातून कापून सरकारकडे भरलेला कर, ही तुमच्या नावाने आगाऊ जमा केलेली रक्कम आहे. तुमचा खरा कर किती, हे बँकेला ठाऊक नसते. तिला एवढेच कळते की ज्येष्ठ नागरिकाचे तिच्याकडचे व्याज वर्षात १,००,००० रुपयांच्या वर गेले (साठीच्या आतल्यांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे). मर्यादा ओलांडली की वरच्या ३०,००० वर नव्हे, पूर्ण १,३०,००० वर १० टक्के कापले जातात. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. पॅन आधारशी जोडलेला नसेल तरी तीच गत होते.

आता तुमचा खरा कर पाहू. वर्षाची पेन्शन ५,४०,०००. नव्या करप्रणालीत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून उरले ४,६५,०००. त्यात व्याज मिळवले की ५,९५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या १,९५,००० वर ५ टक्क्यांनी ९,७५० रुपये. पण एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ ची सूट हा कर पुसून टाकते. म्हणजे तुमचा कर शून्य आणि १३,००० चे १३,००० परत मिळायला हवेत. (जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० ची वजावट आहे म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. तुमच्या आकड्यांना, इतर वजावट नसेल तर, तिथे सेस (करावर लागणारा ४ टक्के उपकर) धरून सुमारे २५,००० रुपये कर लागला असता.)

परतावा आपोआप येत नाही, विवरणपत्र भरूनच मागावा लागतो. आधी आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उघडून बँकेने कापलेले १३,००० तुमच्या पॅनवर दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर बँकेच्या टीडीएस विवरणात पॅन चुकलेला असण्याची शक्यता मोठी. ती दुरुस्ती बँकेनेच करायची असते, म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या. मग ३१ जुलैच्या आत विवरणपत्र भरा आणि ज्या खात्यात पैसे हवेत ते पोर्टलवर पूर्वपडताळणी केलेले आहे याची खात्री करा. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करायची. ही राहिली तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरतात, आणि परतावे अडकण्यामागे बरेचदा हेच निघते. ३१ जुलै चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, पण उत्पन्न ५ लाखांच्या वर असल्याने ५,००० रुपये विलंब शुल्क पडेल.

टीडीएस कापलाच जाऊ नये यासाठी जुन्या कायद्यात फॉर्म १५एच होता, १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी फॉर्म १२१ आहे. ज्याचा एकूण कर शून्य येणार आहे अशा साठीपुढच्या व्यक्तीने तो द्यायचा. तो दर वर्षी नव्याने, प्रत्येक बँकेत वेगळा आणि एप्रिलमध्येच दिलेला बरा. फेब्रुवारीत दिला तर तोवर कापलेली रक्कम बँक परत करू शकत नाही. आणखी एक गोष्ट. ज्या ठेवीचे व्याज मुदतीअखेर एकदम मिळते, तिच्यावरही बँक दर वर्षी साठलेल्या व्याजाचा टीडीएस कापते. ‘पैसे हातात आलेच नाहीत, मग कर कसला?’ असे विचारणारी पत्रे आम्हाला नेमाने येतात. त्याचे कारण हे.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती जास्त महागात पडते. ३० टक्के टप्प्यातल्या नोकरदाराला २ लाख व्याज मिळाले तर बँक कापते २०,०००, आणि सेससह कर होतो ६२,४००. उरलेले ४२,४०० त्याने स्वतः भरायचे असतात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त उरत असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर म्हणून भरायचा, नाहीतर महिन्याला १ टक्का व्याज लागते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना या आगाऊ करातून सूट आहे.

प्रश्न : माझा वर्षाचा पगार १२,८५,००० आहे. १२,७५,००० पर्यंत कर नाही म्हणतात. मग १०,००० जास्त मिळाल्यामुळे मला ६१,५०० रुपये कर बसणार का? (नाशिक)

बसणार नाही. ७५,००० वजा जाता तुमचे करपात्र उत्पन्न १२,१०,००० होते. टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो हे खरे, पण सीमांत सवलतीमुळे १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न, तितकाच कर घेता येतो. म्हणजे १०,०००, त्यावर ४ टक्के सेस ४००, एकूण १०,४००. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५०० च्या पुढे गेले की ही सवलत संपते आणि टप्प्यांप्रमाणे पूर्ण कर लागतो. शेअर किंवा इक्विटी फंडांच्या विक्रीतला नफा विशेष दराने करपात्र असतो, त्याला ८७अ ची सूट नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

प्रश्न : गावातल्या पतसंस्थेत बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याज मिळते. ‘५ लाखांचा विमा सगळीकडे असतो’ असे एजंट सांगतो. आमचे १२ लाख आहेत. तीन शाखांत वाटून ठेवले तर चालेल का? (कोल्हापूर जिल्हा)

एजंटाचे म्हणणे चूक आहे, आणि तीन शाखांचा विचारही उपयोगाचा नाही.

५ लाखांचे संरक्षण देते ती डीआयसीजीसी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा महामंडळ. त्यात व्यापारी बँका, लघु वित्त बँका, ग्रामीण बँका आणि सहकारी बँका येतात. पतसंस्था येत नाहीत. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याकडे नोंदलेली असते, तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. अनेक राज्यांत चालणाऱ्या बहुराज्य संस्थांचेही तसेच. पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे का, आणि शाखेत डीआयसीजीसीचे प्रमाणपत्र लावले आहे का, या दोन गोष्टी आधी पाहा. विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावरही असते.

पतसंस्था वाईट असते असे मुळीच नाही. सोने तारण, शेतीची गडबड, दुकानदाराची निकड अशा वेळी गावात तीच धावून येते. पण तिथला दीड टक्का हा विमा नसण्याच्या जोखमीचा मोबदला आहे. १२ लाखांवर तो वर्षाला १८,००० होतो. पणाला लागलेले असतात १२ लाख. ठेवायचेच असतील तर बुडाले तरी घर हलणार नाही एवढेच ठेवा आणि त्याआधी लेखापरीक्षणाचा वर्ग, थकीत कर्जाचे प्रमाण आणि कर्जे कोणाकोणाला दिली आहेत हे वार्षिक अहवालात वाचा. सभासद म्हणून अहवाल मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बँकेतही ५ लाखांची मर्यादा ‘प्रति ठेवीदार, प्रति बँक’ अशी असते. एकाच बँकेच्या सगळ्या शाखा, बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव मिळून एकच ५ लाख. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात. म्हणून ५,००,००० ची ठेव ठेवली आणि ३५,००० व्याज साठले, तर ते ३५,००० विम्याबाहेर. साडेचार लाखांच्या आसपास थांबणे शहाणपणाचे.

संयुक्त खात्याचा नियम मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. फक्त पतीच्या नावाचे खाते, पती-पत्नी असे खाते आणि पत्नी-पती असे खाते, ही तिन्ही विम्याच्या दृष्टीने वेगळी धरतात. नावांचा क्रम बदलला की संरक्षण वेगळे मिळते. तुमचे १२ लाख एकाच बँकेत ठेवायचे झाले तर प्रत्येकी ४ लाखांची अशी तीन खाती पूर्ण संरक्षणात बसतात. फॉर्म भरताना पहिले नाव कोणाचे हे काळजीपूर्वक लिहा. व्याजाचा टीडीएसही पहिल्या नावावरच जातो.

विमा आहे म्हणजे पैसे दुसऱ्या दिवशी हातात पडतात असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबई परिसरातल्या हजारो घरांना त्याचा चटका बसला. २०२१ मधल्या कायदादुरुस्तीनंतर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. तरी तीन महिने घरखर्च चालेल एवढे पैसे दुसऱ्या एखाद्या बँकेत असायलाच हवेत. तुमचे त्याच बँकेचे कर्ज असेल तर ते आधी वळते होऊन उरलेले मिळते.

प्रश्न : पीपीएफमध्ये ‘५ तारखेच्या आत भरा’ म्हणतात. एक-दोन दिवसांनी काय फरक पडतो? (पणजी)

महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळते. ६ एप्रिलला दीड लाख भरले तर एप्रिलचे व्याज गेले. ७.१ टक्के दराने ते ८८७ रुपये होते. दर महिन्याला १२,५०० भरणारा प्रत्येक हप्ता ५ तारखेनंतर भरत राहिला तर त्याचेही वर्षाचे नुकसान तेवढेच. चेकने भरत असाल तर तो दोन-तीन दिवस आधी टाका. स्वतःच्या आणि अज्ञान मुलाच्या खात्यात मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच आहे, जास्त भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही.

प्रश्न : १४ महिने ‘एसआयपी’त १०,००० भरतोय. आता रक्कम भरल्यापेक्षा कमी दिसते. एसआयपी खराब निघाली का? सगळे काढून घेऊ का? (पुणे)

एसआयपी ही म्युच्युअल फंडाच्या योजनेत दर महिन्याला ठराविक रक्कम भरण्याची पद्धत आहे. खराब किंवा चांगली असेल ती तुमची योजना. त्यामुळे पहिला प्रश्न असा की पैसे कोणत्या योजनेत जातात? ‘स्मॉल कॅप’ (लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवणारी) असेल तर १४ महिन्यांत उणे दिसणे अगदी शक्य आहे, आणि दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे टाकायलाच नको होता. दहा-पंधरा वर्षांसाठीचा असेल तर १४ महिन्यांच्या आकड्यावरून निर्णय घेण्यासारखे काही नाही. योजनेची तुलना तिच्याच निर्देशांकाशी आणि त्याच प्रकारच्या इतर योजनांशी करा, शेजाऱ्याच्या नफ्याशी नको.

काढायचेच ठरले तर प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी धरतात, हे विसरू नका. १४ महिने झाले म्हणून सगळे पैसे वर्ष जुने होत नाहीत. पहिले दोन-तीन हप्तेच वर्ष पार करून गेलेत. बाकीच्यांवर बहुतेक इक्विटी योजनांत १ टक्का निर्गमन शुल्क, म्हणजे लवकर पैसे काढल्याचे शुल्क, लागते. नफा असता तर त्यावर अल्पकालीन नफ्याचा २० टक्के कर लागला असता. वर्ष ओलांडलेल्या नफ्याला हा दर १२.५ टक्के, तोही एका आर्थिक वर्षातल्या १,२५,००० च्या वरच्या नफ्यावर. करबचतीच्या ईएलएसएस योजनेत तीन वर्षांचे बंधनही प्रत्येक हप्त्याला वेगळे मोजतात.

तुमच्या स्टेटमेंटवर योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ तेही बघा. पोर्टफोलिओ एकच, पण रेग्युलरमधून वितरकाचे कमिशन दर वर्षी जाते. महिना १०,००० रुपये २० वर्षे भरले आणि १२ टक्के परतावा धरला तर सुमारे ९९.९ लाख होतात, ११ टक्के धरला तर ८७.४ लाख. (दर हिशेबापुरते धरले आहेत, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.) एका टक्क्याने साडेबारा लाखांचा फरक पडतो. वितरक खरेच सल्ला देत असेल, घसरणीत तुम्हाला धरून ठेवत असेल, तर त्याचे पैसे वसूल आहेत. नुसता फॉर्म भरून घेऊन गायब झाला असेल तर नाहीत.

खात्यात पैसे नसल्याने हप्ता चुकला तर फंड कंपनी दंड लावत नाही, पण बँक लावते.

प्रश्न : दुकानदार फर्निचरसाठी १ लाखाचे कर्ज १० टक्के दराने देतो, ३ वर्षे, हप्ता ३,६११. बँक १२ टक्के सांगते. दुकानदाराचेच स्वस्त ना? (छत्रपती संभाजीनगर)

दुकानदाराचे बरेच महाग आहे. त्याचा दर ‘फ्लॅट’ आहे. १ लाखाचे १० टक्के, तीन वर्षांचे ३०,०००, एकूण १,३०,००० भागिले ३६ म्हणजे ३,६११. दीड वर्षानंतर निम्मे मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज मूळ १ लाखावरच चालू राहते.

बँकेचे १२ टक्के घटत्या शिलकीवर असतात. त्याचा हप्ता येतो ३,३२१ आणि तीन वर्षांचे व्याज १९,५७२. म्हणजे ‘१० टक्के’वाल्या कर्जाला १०,४२८ रुपये जास्त जातात. घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचे तर दुकानदाराचा दर सुमारे १७.९ टक्के आहे. तीन वर्षांच्या मुदतीला फ्लॅट दराला १.८ ने गुणले की खऱ्या दराच्या जवळ पोचता येते. त्यात प्रक्रिया शुल्क २,००० आणि त्यावरचा जीएसटी ३६० आधीच कापून हातात ९७,६४० दिले, तर तोच दर साडेएकोणीसच्या पुढे जातो.

सही करण्याआधी ‘मुख्य तथ्य विवरण’, म्हणजे केएफएस, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जासाठी ते देणे बंधनकारक आहे. दुकानात बसलेला माणूस सहसा एखाद्या वित्त कंपनीचाच प्रतिनिधी असतो, त्यामुळे मागायला संकोच करू नका. त्यातला ‘वार्षिक टक्केवारी दर’ शुल्कांसह काढलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्या एका आकड्यावर करा. ‘शून्य टक्के’ योजनेतही हेच पाहा, आणि रोख घेतल्यास किती सूट मिळते ते विचारा. सोडलेली सूट हेच तिथले व्याज असते.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे बिल ४०,००० आले. ‘किमान देय’ २,००० भरले तर दंड लागत नाही. असे भरत राहिले तर? (ठाणे)

विलंब शुल्क वाचते, व्याज वाचत नाही. महिना साडेतीन टक्के दर असेल तर उरलेल्या ३८,००० वर १,३३० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २३९, मिळून १,५६९. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरले तर कर्ज कमी होते जेमतेम ४३१ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेतोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. पूर्ण भरणे शक्य नसेल तर कार्ड बाजूला ठेवा आणि बँकेकडून घटत्या शिलकीचे वैयक्तिक कर्ज घेऊन थकबाकी एकदम मिटवा.

प्रश्न : आईने सगळ्या ठेवींना फक्त भावाला नॉमिनी केले होते. मृत्युपत्र नाही, वडीलही नाहीत. भाऊ म्हणतो, पैसे कायद्याने माझेच. आम्ही दोघी बहिणींनी काय समजायचे? (नागपूर)

भावाला पैसे स्वीकारण्याचा हक्क आहे, एकट्याने ठेवून घेण्याचा नाही. नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते, नॉमिनेशनचा हेतू तेवढाच. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीबाबत १९८४ मध्ये आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल तर आईच्या ठेवींत तिघा भावंडांचा वाटा सारखा आहे. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानतात, म्हणून आईची विमा पॉलिसी असेल तर तिचा विचार वेगळा करा.

आधी भावाशी बोलून लेखी वाटणी होते का पाहा. होत नसेल तर रक्कम त्याच्या खात्यात जाण्याआधी वकिलाकडून नोटीस द्या. लक्षात ठेवा, नुसत्या पत्राने बँक पैसे अडवत नाही, त्यासाठी सहसा न्यायालयाचा आदेश लागतो.

ज्यांच्या ठेवी आज चालू आहेत त्यांच्यासाठी : १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. तीन मुले असतील तर तिघांची नावे टक्क्यांसह घाला. तरीही मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ते साक्षीदार शक्यतो वाटेकरी नसावेत.

आईच्या जुन्या पासबुकांपैकी एखादे खाते बँकेला सापडत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर तिचे नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून शोधा. दहा वर्षे न हललेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, पण वारसांचा हक्क संपत नाही. दावा मात्र पोर्टलवर होत नाही, मूळ बँकेच्या शाखेतच करायचा. जाताना मृत्यू दाखला, पासबुक आणि वारसांची ओळखपत्रे बरोबर न्या.